स्कोन करताना पीठ मळायचं नाही

पोळ्या-पुऱ्यांची सवय असलेल्या हाताला स्कोन करताना एकच गोष्ट नव्याने शिकावी लागते, ती म्हणजे वेळेवर थांबणं. कणीक चांगली तिंबली की पोळी मऊ होते, हे आपल्या अंगवळणी पडलेलं असतं. स्कोनचं नेमकं उलट आहे. पीठ जितकं कमी हाताळाल तितका तो हलका होतो, आणि मन लावून मळलंत तर घट्ट, चिवट गोळे हाती येतात. एवढं एक सांभाळलं की बाकी सगळं सोपं आहे. यीस्ट नको, अंडं नको, फेटायचं मशीन नको, आणि साहित्य ओट्यावर मांडल्यापासून पाऊण तासात गरम स्कोन ताटलीत येतात. बेकिंगची सुरुवात केकपासून करण्यापेक्षा स्कोनपासून करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. पीठ, लोणी, ओलावा आणि आच यांचं नातं यात उघडं दिसतं, आणि ते एकदा कळलं की पुढे बिस्किटं, सारण भरून भाजलेले पाय (pie) आणि टार्ट सगळ्यांनाच उपयोगी पडतं.

स्कोन म्हणजे ब्रिटनमध्ये दुपारच्या चहाबरोबर खातात तो छोटा, फुगीर, किंचित गोड पाव. मूळचा तो स्कॉटलंडचा. तिथे पूर्वी तो ओव्हनमध्ये न भाजता लोखंडी तव्यावर भाजत. ओट्सच्या किंवा जवाच्या पिठाचा, चपटा, मोठा गोल आणि मग त्याचे चार तुकडे. आजचा उंच, हलका स्कोन घरोघरी होऊ लागला तो बेकिंग पावडरमुळे. ती १८४३ मध्ये बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी तयार केली. त्यांच्या पत्नीला अंडं आणि यीस्ट दोन्ही सोसत नसे. आपण फ्रूट कस्टर्डला वापरतो ती बिनअंड्याची कस्टर्ड पावडरही याच बर्ड यांची, १८३७ ची. म्हणजे घरात अंडं चालत नसेल तर स्कोनच्या बाबतीत कुठलीही तडजोड करावी लागत नाही.

अमेरिकेत स्कोन म्हणून जो त्रिकोणी, भरपूर साखरेचा, वरून आयसिंग ओतलेला प्रकार मिळतो तो वेगळा. इथे साधा ब्रिटिश स्कोन करायचा आहे.

सात-आठ स्कोनसाठी साहित्य

मैदा २५० ग्रॅम
बेकिंग पावडर ३ सपाट छोटे चमचे
थंडगार बटर ६० ग्रॅम
बारीक साखर ३० ग्रॅम
मीठ पाव छोटा चमचा (बटर खारं असेल तर अजिबात नको)
थंड दूध साधारण १५० मिली, आणि वरून लावायला थोडंसं

वजनकाटा असेल तर तोच वापरा. वाटीच्या मापात मैदा कधी दाबून भरला जातो, कधी सैल, आणि त्या फरकाने दुधाचं गणित बिघडतं.

ब्रिटिश पाककृतींमध्ये बहुतेक वेळा ‘सेल्फ रेझिंग फ्लोर’ लिहिलेलं असतं. तो म्हणजे बेकिंग पावडर आधीच मिसळलेला मैदा. आपल्याकडे तो सहज मिळत नाही, आणि त्याची गरजही नाही. साधा मैदा आणि वेगळी बेकिंग पावडर घेतली की काम झालं. मात्र बेकिंग पावडर आणि खायचा सोडा यांची अदलाबदल करू नका. सोड्याला फसफसायला दही, ताक, लिंबू असं काहीतरी आंबट लागतं. बेकिंग पावडरमध्ये सोड्याबरोबर आम्ल कोरड्या रूपात आधीच मिसळलेलं असतं, त्यामुळे तिला नुसता ओलावा आणि उष्णता पुरते. तीन चमचे बेकिंग पावडरच्या जागी तीन चमचे सोडा पडला, तर साबणासारखी चव येते आणि सगळं टाकून द्यावं लागतं.

बेकिंग पावडरचा डबा फोडून बरेच महिने झाले असतील, तर आधी तपासा. वाटीभर गरम पाण्यात अर्धा चमचा टाका. लगेच जोरात फेसाळली तर वापरा. दोन-चार बुडबुडे येऊन शांत झाली तर नवीन आणा. पावसाळ्यात कोकणात, मुंबईत ही पावडर दमट हवेने लवकर निकामी होते. स्कोन न फुगण्यामागे पुष्कळदा एवढंच कारण असतं.

बटर पांढरं, बिनमिठाचं मिळालं तर उत्तम. नेहमीचं पिवळं खारं बटरही चालतं, फक्त वरचं मीठ वगळा. घरचं लोणी पहिल्याच खेपेला वापरू नका. त्यात ताकाचा अंश किती राहिलाय याचा भरवसा नसतो, त्यामुळे दूध किती घालायचं ते सांगता येत नाही. तूप तर नकोच, त्याचं कारण पुढे येतंच आहे.

बटर थंड का हवं

शंकरपाळ्यांना किंवा करंज्यांना आपण कडकडीत मोहन घालतो. गरम तूप पिठाच्या कणाकणाला लागतं आणि पदार्थ खुसखुशीत होतो. स्कोनमध्ये खुसखुशीतपणा नको आहे, तो आतून मऊ आणि पदरापदराने सुटणारा हवा. त्यासाठी बटर पिठात पूर्ण मुरता कामा नये. त्याचे छोटे छोटे घट्ट कण ओव्हनमध्ये जाईपर्यंत तसेच राहायला हवेत. बटरमध्ये साधारण ८० टक्के स्निग्धांश असतो आणि १६ टक्क्यांपर्यंत पाणी. ओव्हनच्या उष्णतेने तो कण वितळतो, त्यातल्या पाण्याची वाफ होते, ती पिठाला वर ढकलते, आणि कण होता तिथे पोकळी राहते. बेकिंग पावडर आपलं काम करतेच, पण पदर सुटतात ते या वाफेने. तुपात पाणीच नसतं, म्हणून तिथे हे घडत नाही.

हे समजलं की पाककृतीतल्या बऱ्याच सूचनांचा अर्थ आपोआप लागतो: बटर फ्रिजमधून अगदी शेवटी का काढायचं, दूध थंड का घ्यायचं, काम भराभर का उरकायचं.

कृती

सगळ्यात आधी ओव्हन लावा. २२० अंशांवर, ओटीजी (ओट्यावर ठेवायचा छोटा विजेचा ओव्हन) असेल तर वरचा-खालचा दोन्ही रॉड चालू ठेवून, किमान १५ मिनिटं. ओव्हनमधला पंखा चालू असेल तर २०० अंश पुरतात. मायक्रोवेव्ह असेल तर तो कन्व्हेक्शनचा हवा आणि फक्त कन्व्हेक्शन मोडवरच चालवायचा. नुसत्या मायक्रोवेव्हवर स्कोन शिजतो पण भाजला जात नाही, आणि थोड्या वेळात वातड होतो. ओव्हन पूर्ण तापलेला असणं फार महत्त्वाचं आहे. कोमट ओव्हनमध्ये बटर आधीच वितळून बाहेर येतं आणि स्कोन वर चढण्याऐवजी आडवे पसरतात.

मैदा, बेकिंग पावडर आणि मीठ एकत्र करून दोनदा चाळा. चाळण्याचा कंटाळा करू नका, पावडर एका जागी साचली तर स्कोनवर पिवळट ठिपके येतात आणि तेवढा घास कडवट लागतो. त्यात साखर मिसळा.

आता बटरचे चण्याएवढे तुकडे करून पिठात टाका आणि बोटांच्या फक्त टोकांनी चोळायला घ्या. तळहात लागू देऊ नका, तळहात गरम असतो. बटरचा तुकडा पिठात घोळवायचा, अंगठा आणि बोटांमध्ये चिमटून चपटा करायचा, वरून खाली सोडून द्यायचा, आणि पुढचा उचलायचा. सुरुवातीला काहीच घडत नाहीये असं वाटतं. मग पिठाचा पांढरेपणा कमी होऊन त्याला किंचित पिवळसर झाक येते, आणि मुठीत धरलेलं पीठ सोडलं की जाड रव्यासारखं मोकळं पडतं. मधूनमधून ज्वारीच्या दाण्याएवढे, तुरीच्या डाळीएवढे बटरचे चपटे तुकडे दिसत असतात. ते दिसलेच पाहिजेत. सगळं एकजीव करायच्या मागे लागू नका.

नागपूर-जळगावकडच्या मे महिन्यात, किंवा ज्यांचे हात मुळातच गरम असतात त्यांनी, बटर अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवून थेट पिठावर किसणीने किसावं. मग चोळायला जवळजवळ काही उरतच नाही. मधेच पीठ चिकट, तेलकट वाटायला लागलं तर भांडं उचलून दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा.

दूध घालायची वेळ आली की हात बाजूला ठेवा आणि बोथट सुरी घ्या. पिठाच्या मधोमध खळगा करून १३० मिली दूध एकदम ओता. चमचा-चमचा करत बसलात तर जास्त वेळ ढवळावं लागतं. सुरीने कडेकडून कापल्यासारखं फिरवत सगळं ओलं करा. आठ-दहा फेऱ्यांत गोळे धरायला लागतात. भांड्याच्या तळाशी कोरडं पीठ राहिलंच, तर उरलेल्या दुधातलं चमचाभर तिथेच घाला. प्रत्येक मैदा सारखंच दूध पीत नाही, म्हणून सगळं दूध आधीच ओतू नये.

हे पीठ पोळीच्या कणकेपेक्षा सैल, खडबडीत आणि थोडं हाताला चिकटणारं असायला हवं. नेमकं इथेच आपला हात मैद्याचा डबा शोधतो. थांबा. कोरडं, गुळगुळीत पीठ म्हणजे कोरडा स्कोन. ओट्यावर थोडा मैदा भुरभुरवा, पीठ त्यावर उपडं करा, हातालाही जरा मैदा लावा. गोळा हलकेच जमवा, घडी घाला, नुसता थापा. पुन्हा एक घडी, पुन्हा थापा. दोन-तीन घड्यांत ते एकत्र राहील इतपत होतं, आणि तेवढंच हवं आहे. वरचा भाग ओबडधोबड दिसतो, दिसू द्या. मैद्याला पाणी लागून तो मळला गेला की ग्लुटेनचे धागे तयार होतात. पोळी लाटताना फाटत नाही ती त्यांच्यामुळेच, आणि स्कोन चिवट होतो तोही त्यांच्यामुळेच.

लाटणं काढू नका. हातानेच थापून २.५ सेंटिमीटर, म्हणजे चांगला इंचभर जाडीचा थर करा. ही जाडी बघून अंगावर येते, एवढं जाड आतून कच्चं राहील असं वाटतं. राहत नाही. नवशिक्यांचे स्कोन चपटे होतात त्याचं मोठं कारण म्हणजे थरच पातळ थापलेला असतो. स्कोन फुगतो, पण एक सेंटिमीटरचा चार सेंटिमीटर होत नाही.

कापायला ५-६ सेंटिमीटर व्यासाचा, धारदार कडेचा कटर घ्या. तो नसेल तर पातळ कडेचा छोटा स्टीलचा पेला चालतो. जाड, वळवलेल्या काठाची वाटी नको, ती पीठ कापत नाही, दाबते. पेला मैद्यात बुडवा, सरळ खाली दाबा, सरळ वर उचला. पुऱ्या पाडताना आपण वाटी जराशी फिरवतो, तसं इथे करायचं नाही. फिरवलं की कडेचे पदर एकमेकांना चिकटतात आणि स्कोन एका बाजूला कलंडून फुगतो. उरलेले तुकडे मळून गोळा करण्याऐवजी एकमेकांशेजारी सरकवून थापा. या दुसऱ्या खेपेचे स्कोन थोडे वेडेवाकडे होतात, चवीत फारसा फरक पडत नाही.

पहिल्यांदा करणाऱ्यांना माझा सल्ला याहून सोपा आहे: कटरचा विचारच सोडा. थर चौकोनी थापा आणि धारदार सुरीने सरळ चौकोन पाडा. तुकडे उरत नाहीत, म्हणजे पुन्हा थापणं नाही, आणि सगळे स्कोन सारखेच हलके होतात.

ट्रेवर बटर पेपर घालून स्कोन एकमेकांपासून बोटभर अंतरावर ठेवा. जवळ असले की एकमेकांच्या आधाराने वर चढतात. वरून ब्रशने किंवा बोटाने दूध लावा, पण फक्त माथ्यावर. कडेवरून ओघळलं तर ती कडा चिकटून बसते आणि स्कोन तिथून उचलला जात नाही.

मधल्या कप्प्यात १२ ते १५ मिनिटं. पहिली दहा मिनिटं दार उघडायचं नाही. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह २०० अंशांपर्यंतच जात असेल तर १५ ते १८ मिनिटं धरा. माथा सोनेरी व्हायला हवा, पण नुसतं तेवढ्यावर जाऊ नका. एक स्कोन उलटून बघा. खालचा भाग तांबूस हवा. बाजूने मात्र तो फिकाच राहतो, आणि मध्यावर एक आडवी, जराशी फाटलेली भेग दिसते. ती भेग दिसली की समजावं, काम जमलं. पुढे तो उघडायचाही तिथूनच.

बाहेर काढल्यावर जाळीवर ठेवा. मऊ कडा आवडत असतील तर स्वच्छ पंचात सैलसर गुंडाळून ठेवा, कुरकुरीत आवडत असतील तर उघडेच राहू द्या.

ओव्हन नसेल तर

ओव्हन नाही म्हणून स्कोन अडत नाही. स्कॉटलंडमधली जुनी पद्धत तव्याचीच आहे, आणि आपल्या बिडाच्या तव्याइतकं त्याला योग्य दुसरं भांडं नाही. पीठ वरच्यासारखंच करा, पण थर दीड सेंटिमीटरच जाडीचा, गोल थापा आणि सुरीने त्याचे चार किंवा सहा त्रिकोण करा. तवा मंद आचेवर पाच-सात मिनिटं तापवा, त्यावर चिमूटभर मैदा टाकून बघा. तो सावकाश बदामी झाला तर आच बरोबर आहे, लगेच करपला तर गॅस कमी करा. तेल-तूप लावायची गरज नाही, तव्यावर मैदा भुरभुरला की पुरे. त्रिकोण थोडे अंतर ठेवून मांडा. एका बाजूने पाच-सहा मिनिटं, मग उलथन्याने उलटून दुसऱ्या बाजूने तेवढीच. घाई करून गॅस वाढवलात तर बाहेरून काळे आणि आतून ओले राहतात. शेवटी कडेवर उभे धरून अर्धा-अर्धा मिनिट भाजा, म्हणजे मधला ओलसर पट्टाही वाळतो. हे स्कोन ओव्हनमधल्याइतके उंच होत नाहीत, पण दोन्ही बाजूंनी आलेला भाजका वास त्यांचा स्वतःचा आहे आणि मला तो फार आवडतो.

साय आणि जॅम

स्कोन सुरीने कापू नका. मधल्या भेगेत बोटं घालून हाताने दोन भाग करा. खडबडीत पृष्ठभागावर जॅम नीट बसतो.

इंग्लंडच्या नैऋत्येला, डेव्हन आणि कॉर्नवॉलमध्ये, स्कोनबरोबर जॅम आणि क्लॉटेड क्रीम देतात. डेव्हनमध्ये आधी क्रीम आणि वर जॅम, कॉर्नवॉलमध्ये आधी जॅम आणि वर क्रीम. दोन्हीकडची माणसं आपापल्या पद्धतीवर ठाम असतात. स्कोन गरम असेल तर मी कॉर्नवॉलच्या बाजूची आहे, कारण क्रीम खाली असलं तर ते वितळून आत मुरतं. क्लॉटेड क्रीम म्हणजे पसरट भांड्यात मंद आचेवर बराच वेळ तापवून मग सावकाश थंड केलेल्या मलईवर येणारा घट्ट, दाणेदार थर. कॉर्नवॉलच्या क्लॉटेड क्रीमला १९९८ मध्ये युरोपीय संघाचं भौगोलिक संरक्षण मिळालं आणि त्यात किमान ५५ टक्के स्निग्धांश असावा लागतो. आपल्याकडे डब्यात मिळणाऱ्या फ्रेश क्रीममध्ये साधारण २५ टक्के असतो, त्यामुळे ते स्कोनवर ठरत नाही, ओघळतं.

त्यापेक्षा घरची साय कितीतरी जवळची. म्हशीचं निरसं दूध जाड बुडाच्या पसरट पातेल्यात मंद आचेवर तापवा, उकळी आल्यावरही दहा मिनिटं अगदी बारीक गॅसवर न ढवळता ठेवा, ओट्यावरच निवू द्या आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी जी जाड साय निघेल ती त्याच दिवशी वापरा. तुपासाठी आठवडाभर साठवलेली, विरजण लागलेली साय इथे चालणार नाही. चमच्याने हलकीच मोडा, फेटू नका, फेटलीत तर लोणी निघेल.

जॅम स्ट्रॉबेरीचा. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. हंगामात ती फळं चिरून थोड्या साखरेत आणि लिंबाच्या रसात घट्ट आटवली, तर बाटलीतल्या जॅमची आठवण येत नाही. चहा मात्र आलं-वेलची न घालता, कमी साखरेचा करा. मसाल्याच्या चहापुढे स्कोनची सौम्य चव कळत नाही.

पुढच्या वेळी

साधे जमले की मूठभर बेदाणे घाला, दूध ओतायच्या आधी. तिखट हवे असतील तर साखर वगळून ७५ ग्रॅम किसलेलं चेडर, पाव चमचा लाल तिखट आणि चिमूटभर मोहरीची पूड. चेडर नसेल तर प्रोसेस्ड चीज चालेल, पण ते खारट असतं, तेव्हा मीठ नको. अर्धा मैदा, अर्धी कणीक असेही होतात. चक्कीची कणीक जास्त ओलावा पिते, म्हणून दोन-तीन चमचे दूध जास्त लागतं, आणि स्कोन थोडे कमी फुगतात.

स्कोन ज्या दिवशी केले त्याच दिवशी खावेत. दुसऱ्या दिवशी ते सुकतात. १६० अंशांवर पाच मिनिटं गरम केले तर बऱ्यापैकी परत येतात. जास्तीचे करायचे असतील तर भाजून ठेवण्यापेक्षा कापलेले कच्चेच स्कोन ट्रेवर सुटे मांडून फ्रीजरमध्ये गोठवा आणि मग पिशवीत भरा. पाहुणे आले की ओव्हन तापवायचा, गोठलेलेच स्कोन ट्रेवर मांडायचे, माथ्यावर दूध लावायचं आणि नेहमीपेक्षा तीन-चार मिनिटं जास्त भाजायचे.